भिंतीवरचं बाळ

भिंतीवरच्या त्या बाळाचे डोळे निळे होते. गाल गुलाबी, मांड्यांना वळ्या, आणि सबंध अंगावर औषधाला तीळ नाही. माझ्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिच्या सासूबाईंनी ते पोस्टर सुरतेजवळच्या कामरेजच्या बाजारातून आणून तिच्या पलंगासमोर चिकटवलं. गरोदर बाईनं सकाळी डोळे उघडल्यावर जे पाहावं तसं मूल होतं, असा त्यांचा विश्वास. आता मुलीचं सासर मूळचं अकोल्याकडचं आणि आम्ही परभणीचे. दोन्हीकडच्या सात पिढ्या धुंडाळल्या तरी निळा डोळा निघायचा नाही. मी फोनवर मुलीला म्हटलं, "तसंच झालं तर जावईबापू सुरत सोडून जातील गं." ती खळखळून हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "राहू दे आई, मम्मींना बरं वाटतं."

मम्मी म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. नवराबायको मिळून कामरेजला पिठाची गिरणी चालवतात. बाई कष्टाळू, बोलायला मोकळ्या, हाताला चव अशी की त्यांच्याकडून जेवून आल्यावर आमचे हे दोन दिवस माझ्या स्वयंपाकाकडे दुःखी नजरेनं बघतात. सुनेला त्यांनी फुलासारखं जपलं. रोज केशराचं दूध, शहाळं, खोबरं आणि खडीसाखर. पांढरं खाल्लं की बाळ गोरं होतं म्हणून. पोरीला डोहाळे लागले ते मात्र पोंकाचे. सुरतेत थंडी पडली की हिरव्या ज्वारीचा कोवळा पोंक, म्हणजे आपला हुरडा, विकायला येतो, वर लिंबू आणि शेव घालून खातात. विहीणबाई म्हणायच्या, भाजलेलं हाय, उष्ण पडन. मग इच्छापोरच्या कारखान्यातून घरी परतताना जावई अडाजणला आमच्याकडे थांबायचे आणि मी त्यांच्या डब्याच्या पिशवीत पोंकाची पुडी लपवून द्यायचे. चोरटा व्यापार सुरतेला नवा नाही.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला कोड आहे. मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा बोटांच्या टोकांपासून सुरुवात झाली. मग मनगटं, ओठांचे कोपरे, एका डोळ्याभोवतीचं कडं. मी बँकेत काउंटरवर बसायचे. काही गिऱ्हाइकं पासबुक माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवून एका बोटानं पुढे ढकलायची. हे लागत नाही हो, असं सांगून सांगून मी कंटाळले, आणि मग मीही पासबुक तसंच एका बोटानं परत ढकलायला लागले. स्वभाव माझा पहिल्यापासून तिखट. कोडानं त्याला निमित्त दिलं एवढंच. तोंड झाकून मात्र कधी फिरले नाही.

मुलीला त्या डागांचं काही वाटायचं नाही. माझा हात मांडीवर ओढून घेऊन ती त्यावर देश शोधत बसायची. एकदा तिनं दप्तरातलं तपकिरी स्केचपेन काढलं आणि माझं करंगळीचं टोक रंगवून दिलं. म्हणाली, "इथला रंग भरायचा राहिलाय." शाळेत चित्र अर्धं सोडलं की बाई रागावायच्या, त्यामुळे तिला ते बघवलं नसावं. दुसऱ्या दिवशी मी तशीच बँकेत गेले. तो रंग निघून गेला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं.

मला एका विशिष्ट तऱ्हेच्या कादंबऱ्यांचं वेड आहे. पुढच्या कुठल्या तरी काळात शास्त्रज्ञ माणसांना जन्माआधीच दुरुस्त करायला लागतात. रोग काढतात, मग बुटकेपणा काढतात, मग राग काढतात, आणि शेवटी जे उरतं ते फार देखणं आणि फार भयंकर असतं. आमच्याकडे त्यांना जगबुडीची पुस्तकं म्हणतात. हे विचारतात, "आज कितवी जगबुडी?" मी सांगते, चहा स्वतः करून घ्या, शहर कोसळायला आलंय.

शनिवारी दुपारी मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत आमचा वाचनकट्टा भरतो. खोलीत एका बाजूला गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब रचलेले असतात, त्यांना टेकून आम्ही बसतो. त्या हिवाळ्यात मी असंच एक पुस्तक सांगायला घेतलं होतं. नाव लिहीत नाही, नाहीतर कट्ट्यावरची मंडळी पुन्हा भांडायला उठतील. त्यात एक शहर आहे, भिंतीच्या आतलं. आत जन्मणारं प्रत्येक मूल निर्दोष. इतकी सगळी सारखी आणि सुंदर की पाळणाघरात आईला आपलं मूल ओळखू येत नाही, म्हणून मुलांच्या मनगटाला रंगीत दोरे बांधतात. एक आई असते, तिला त्या दोऱ्यांचा भरवसा वाटत नाही. ती आपल्या बाळाच्या टाचेवर सुईनं एक बारीक ओरखडा काढते, पुन्हा सापडावं म्हणून. एवढाच तिचा गुन्हा. तिला भिंतीबाहेर काढतात.

कापडबाजारात हयात गेलेले एक काका आमच्यात आहेत. ते म्हणाले, "म्हणजे त्या गावात सगळा फ्रेशच माल. सेकंड निघतच नाही." बाजारात डाग पडलेल्या साडीला सेकंड म्हणतात, ती वेगळ्या ढिगात जाते. सगळे हसले. मग एका शाळेतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, त्यात सगळंच वाईट आहे असं मला नाही वाटत. माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. दुखायला लागलं की तो भिंतीला डोकं लावून बसतो. जन्माआधी ते काढता आलं असतं तर मी पहिली सही केली असती." रोग कुठे संपतो आणि नुसता डाग कुठे सुरू होतो, हे ठरवायला कुणाला बसवायचं? मी एवढंच म्हटलं की तुमचं बरोबर आहे. आणि ते खरंच बरोबर होतं.

घरी येताना माझ्या मनात दुसरंच घोळत होतं. या पुस्तकांत मी नेहमी भिंतीबाहेरच्यांच्या बाजूनं असते, पण त्या बाहेरच्या लोकांतही मला माझ्यासारखं कुणी भेटलेलं नाही. लेखक त्यांना दोष देतात तेही निवडून. एखादा आंधळा गायक, एखादी लंगडी बंडखोर. ओठाला पांढरा डाग असलेली, पासबुकं ढकलणारी बाई काही कुणी लिहीत नाही. परिपूर्ण माणसाची थट्टा करायला बसलेल्यांनाही दोष जरा शोभेलसा हवा असतो. हे मी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू लिही मग." सोपं असतं म्हणणं.

मुलीच्या पाचव्या महिन्यात मी कामरेजला गेले. विहीणबाईंनी हात धरून आत नेलं, पाणी दिलं, आणि माझ्यासाठी खुर्ची मांडली ती मुलीच्या पलंगाच्या उशाशी, तिच्या पाठीमागे. मुलगी मान वळवून वळवून माझ्याशी बोलत होती. मला वाटलं, खोली लहान आहे. पुढच्या खेपेला गेले तेव्हा समोरची जागा मोकळी होती, तरी खुर्ची पुन्हा उशाशीच. मी ती उचलून पुढे आणायला गेले तर विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या न तिकडंच, तिकडं वारा लागते." थंडीचे दिवस. पंखा बंद होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर भिंतीवर निळ्या डोळ्यांचं बाळ होतं, आणि मुलीनं बघायचं ते त्याच्याकडे. मी तिच्या नजरेत यायला नको होते. गरोदर बाई जे पाहते तसं मूल होतं, हा नियम पोस्टरला लागू असेल तर तो मलाही लागू. बसमधून परत येताना मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मला रडू आलं. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "विहीणबाई, बाळंतपन इथंच करू म्हनतो. दवाखाना जवळ हाय. तुमाले कायले तरास?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं त्यांनी कामरेजलाच केलं होतं, त्यांच्या जावयाला न कळवता, सरळ जाऊन घेऊनच आल्या होत्या. इकडे आम्ही तयारीला लागलो होतो. यांनी मागच्या खोलीतलं कपाट हलवून पाळण्याची जागा केली होती. मी जुनी सुती पातळं काढून, धुऊन, दुपट्यांसाठी फाडून ठेवली होती. माझ्या वेळी मला परभणीला जाता आलं नव्हतं, म्हणून आईच तिकडून आली होती. तिनं मला चाळीस दिवस शेक दिला, तेल लावलं, आणि बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायला शिकवलं. माझ्याकडे तिचं म्हणून जे काही आहे ते एवढंच, आणि ते मला मुलीला द्यायचं होतं. ती आता माझ्याकडे येणार नव्हती.

हे म्हणाले, "स्पष्ट बोल त्यांच्याशी. तू गप्प बसणाऱ्यातली आहेस का?" नव्हतेच. पण मुलीला त्या घरात नांदायचं होतं. आपण तोंड सोडून मोकळं व्हायचं आणि भरायचं तिनं, हे मला पटेना. आणि खरं सांगायचं तर भीती मलाही होती. माझे डाग बघून मूल तसं होईल, असलं काही मी मानत नाही. पण कातडीच्या डॉक्टरांनी मला पूर्वीच सांगितलं होतं की हे थोडंफार रक्तातून उतरू शकतं, उतरेलच असं नाही, आणि उतरलं तरी जन्मतः दिसत नाही. मुलीला झालं नाही. नातवंडाला होणार नाही असं कोण लिहून देणार? मी जगबुडीची पुस्तकं वाचणारी बाई, आणि माझ्या मनात येत होतं की तसला एखादा डॉक्टर खरंच असता तर मी काय केलं असतं. कट्ट्यावरच्या त्या बाई मला सारख्या आठवत होत्या.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं, कामरेजलाच. मी सवाष्ण आणि मुलीची आई, ओटी मी भरायला हवी. पण बोलावताना विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आरामात बसा हो, धावपळ करू नका. वटी माह्या जावा भरतीन." जावा म्हणजे त्यांच्या. मी बरं म्हटलं.

आणि मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. डाग झाकायचं एक मलम मिळतं, कातडीच्या रंगाचं. दुकानदारानं माझ्या दंडाशी रंग जुळवून दिला, ब्लाउजपीस जुळवतात तसा. डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी मी ते ओठांना, डोळ्याभोवती आणि दोन्ही हातांना नीट चोपडलं. आरशात एक बाई दिसली. दिसायला बरी होती, माझ्यापेक्षा तरुणही होती. यांनी पाहिलं. चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "कोणाला भेटायला चाललोय आपण?"

मला वाटलं होतं, आता तरी मला पुढे बसवतील. बसवलंही. विहीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि कसलंतरी ओझं उतरल्यासारख्या माझा दंड धरून मला मुलीच्या अगदी समोर घेऊन गेल्या. "या, तुम्हीच भरा पयली वटी." मुलगी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. मी दारातून आले तेव्हा तिनं मला ओळखलं होतं की नाही कुणास ठाऊक. मी समोर बसले, कुंकू लावलं, ओटीचा नारळ उचलला. नारळाच्या शेंडीला मलम लागलं. तांदळाची ओंजळ घेतली तर तांदूळ बोटांना चिकटले. घामानं ते सगळं सुटायला लागलं होतं.

मुलीनं माझ्या हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, हात धुऊन ये."

बायका गप्प झाल्या. त्यांना वाटलं असणार की पोरीलाच आईच्या हाताची किळस आली. विहीणबाई पुढे झाल्या, "असू दे वं, देवाचं काम हाय." पण तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. "हात धुऊन ये," ती पुन्हा म्हणाली, "आणि तोंडही धू. मग ओटी भर. मला माझ्या आईच्या हातची पाहिजे."

मी मोरीत गेले. साबण लावून लावून धुतलं. ते मलम चिवट, सहज निघेना. पदरानं पुसून बाहेर आले तेव्हा माझा चेहरा लालभडक झाला होता आणि त्यावरचे डाग एरवीपेक्षा जास्त उठून दिसत होते. मी मुलीसमोर बसले आणि ओटी भरली. ती पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, पापणीसुद्धा न हलवता, जणू तेवढ्यासाठीच ती पाटावर बसली होती. मग दोन वाट्या उपड्या ठेवल्या, तिनं एक उचलली, खाली बर्फी निघाली, बायका म्हणाल्या मुलगी होणार, आणि घर पुन्हा बोलायला लागलं.

जेवणं उरकल्यावर विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले. आता जे काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवूनच गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. पुरणाचं पातेलं समोर होतं आणि त्या उगाच त्यातला डाव फिरवत होत्या.

"माह्या मोठ्या बहिणीले व्हतं," त्या म्हणाल्या. "कोड."

मला आधी कळलंच नाही.

"लग्न झाल्यावर निंगालं. सासरच्याईनं तिले माघारी धाडून देलं. माह्या बापाच्या घरी मागच्या खोलीत राहे. आमाले कोनी पाहाले आलं का तिले आत बसवत. माहं लग्न झालं तवाही आतच व्हती. दाराच्या फटीतून पाहे." त्यांनी डाव ठेवला. "तुमच्या पोरीचं जमवतानी आमी सांगतलं नाई तुमाले. तुमचं तर तोंडावर दिसत व्हतं, तुमी काय लपवान. आमी लपवलं. आता दोन्हीकून हाय. पोराच्या आंगानं बी आन पोरीच्या आंगानं बी. लेकरू कसं होईन म्हून मले झोप नाई."

मला राग यायला हवा होता. लग्न ठरवताना त्यांच्या घरातले मोठे माझ्याकडे कसे बघत होते आणि आम्ही कसे मान खाली घालून बसलो होतो, ते सगळं मला आठवलं. उपकार केल्यासारखा त्यांनी होकार दिला होता, आणि तो मी कितीतरी वर्षं उपकार म्हणून वागवला होता. राग आलाही, थोडा. पण त्या बहिणीचं दाराच्या फटीतून बघणं काही डोळ्यांपुढून जाईना. मी विचारलं, "आता कुठे असते?"

"गेली," त्या म्हणाल्या. "पोटात लेकरू असतानी मले तिच्याकडं पाहू देत नसत. माह्या मायनंच सांगतलं व्हतं, पाहू नको. मी नाई पाह्यलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमाले मांगं बसवत व्हतो न मी, तवा मले तेच दिसे."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात कोडाचा होता आणि त्या काही सरकल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं, पुरणावर झाकण ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "घेऊन जा तिले. पयलं बाळंतपन मायकडंच बरं. डिंकाचे लाडू मी करून धाडतो, तुमचे दगडावानी होतेत." ते मात्र खरं आहे.

मुलगी अडाजणला आली. येताना ते पोस्टर सुरळी करून घेऊन आली, आणि यांनी ते मागच्या खोलीत खिळा ठोकून लावलं. मी म्हटलं, "आता कशाला?" मुलगी म्हणाली, "असू दे, मम्मींनी आणलंय. मला त्याची सवय झालीये." पुढचे दोन महिने ती पलंगावर आडवी पडून पोंक खायची, पोंक संपल्यावर कैऱ्या खायची, आणि मी समोर बसून दुपट्यांना टाके घालायचे. कट्ट्यावर मी पुस्तक पुरं केलं. शेवटी त्या भिंतीबाहेरच्या आईचं काय होतं, असं काकांनी विचारलं. लेखकानं ते सांगितलेलंच नाही. काका म्हणाले, "मग काय उपयोग?" आणि त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच पटलं.

होळी होऊन गेल्यावर नात झाली. रंग बापाचा, नाक आमच्या यांचं, डोळे काळेभोर. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आईनं शिकवलं होतं तसं पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घातलं. पुसलं. मग खिडकीपाशी उजेडात नेलं आणि दुपटं उघडून बघायला लागले. बोटांची टोकं. नखांच्या मुळाशी. ओठांचे कोपरे. पापण्या. जन्मतः दिसत नाही हे मला माहीत होतं. तरी मी एकेक बोट उलगडून बघत होते.

"काय शोधतेस आई?" पलंगावरून मुलीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि दुपटं गुंडाळलं. मला माझीच लाज वाटली. भिंतीबाहेरच्यांच्या बाजूनं म्हणे.

दुपारी विहीणबाई आल्या, लाडवांचा डबा घेऊन. हात धुतले, बाळाला घेतलं, मुका घेतला, आणि सरळ खिडकीपाशी गेल्या. दुपटं उघडलं. बोटांची टोकं बघितली, मग ओठ, मग पापण्या. मी दारात उभी होते. त्यांनी मान वर केली आणि मी दिसले, तशा त्या ओशाळल्या. मी म्हटलं, "माझं सकाळीच बघून झालंय. काही नाही." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि मग आधी त्यांना हसू फुटलं की मला, ते आता सांगता येणार नाही. मुलगी पलंगावर उठून बसली आणि आम्हाला वेड लागलंय असं म्हणाली.

"लई साजरी हाय वं," डोळे पुसत विहीणबाई म्हणाल्या. "नजर लागन. तीट कोठी हाय?"

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात, तो मी सकाळी विसरले होते. पुस्तकातल्या त्या आईची सुई मला त्या क्षणी आठवली. तिथे तिला त्यासाठी शहराबाहेर काढलं, आणि आमच्याकडे कुठल्याही आज्या हे रोज आंघोळ झाली की करतात, ठरवून, हातानं, चांगल्या गोऱ्यागोमट्या मुलालासुद्धा. मी काजळाची डबी आणून विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी झाकण काढलं. स्वतःचं बोट पुढे केलं, आणि थांबल्या. मग माझा हात धरला, माझं पांढरं पडलेलं बोट डबीत बुडवलं, आणि ते तसंच धरून बाळाच्या गालावर टेकवलं. ठिपका जरा मोठाच उमटला.

त्यांनी बाळाला उजेडात धरून नीट बघितलं. "आता कशी आपल्यातली दिसते," त्या म्हणाल्या.